पुरवणी लावण्याआधी : झोंबी गेम बनवणाऱ्यांना नागपूरहून खुलं पत्र

झोंबी मारायचे गेम बनवणाऱ्या तमाम स्टुडिओंमधले कथालेखक, निर्माते आणि डीएलसीची (म्हणजे मूळ गेमनंतर वेगळी मिळणाऱ्या, त्याला जोडायच्या भागाची) किंमत ठरवणारी ती कधीच न दिसणारी मंडळी यांना,

स. न. वि. वि.

मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वय सांगत नाही. बारावीचे पेपर तपासायला लागून सोळा वर्षं झाली, त्यावरून अंदाज बांधा. मार्चमध्ये माझा दिवस उत्तरपत्रिकांत जातो आणि रात्र झोंबींत. दोन्हीकडे प्रकार सारखाच. एकसारखे दिसणारे गठ्ठ्यानं अंगावर येतात, आणि मध्येच एखादा असा निघतो की खुर्चीत सावरून बसावं लागतं.

पत्राला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. पोरगं इथल्याच इंजिनिअरिंगला आहे आणि माझ्याकडे राहतं. घरातला कन्सोल आम्हा दोघांचा, म्हणजे पैसे माझे आणि हक्क त्याचा. परवा रविवारी तर्री पोह्यांची प्लेट हातात घेऊन तो म्हणाला, "मावशी, सेल लागला आहे. गेम तर आहेच आपल्याकडे, त्याची स्टोरीवाली डीएलसी घेऊ का वं? पैसे वसूल होतील का?" मी म्हटलं, आधी खाऊन घे, तर्री गार होते. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. गेली दहा-बारा वर्षं मी याच प्रश्नावर कधी पैसे घातले, कधी वाचवले, आणि दोन्ही वेळा पस्तावले आहे. उत्तर भाच्याला देण्याआधी तुम्हाला द्यावं असं वाटलं, कारण पेपर तुम्ही लिहिता.

आमच्याकडे मूळ उत्तरपत्रिका भरली की विद्यार्थी हात वर करतो आणि पर्यवेक्षक त्याला पुरवणी आणून देतात. ती मूळ पत्रिकेला दोऱ्यानं बांधायची, पहिल्या पानावर पुरवण्यांचा आकडा टाकायचा. पुरवण्या जास्त लावल्या की बाई खूश होतात, अशी मुलांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. बाई खूश होत नाहीत. बाई मूळ पत्रिकेतला शेवटचा परिच्छेद आणि पुरवणीतला पहिला परिच्छेद लागोपाठ वाचतात, आणि तिथंच पोरगं कळतं. एखाद्याचं खरंच सांगायचं उरलेलं असतं. मूळ पानं दाटीवाटीनं भरलेली, समासातसुद्धा बाण काढलेले. दुसरा ओळीत चार शब्द टाकून, दोन-दोन ओळी सोडून पानं संपवतो आणि सगळ्या वर्गाला दिसेल अशा रुबाबात पुरवणी मागतो. आणि एक जात फार वाईट : उत्तर अर्धं मूळ पत्रिकेत, अर्धं पुरवणीत, आणि पुरवणी बांधायचीच राहिली. तुमच्या डीएलसी मी याच नजरेनं बघते. सवय आहे, जात नाही.

आधी चांगल्या पोराचा पेपर दाखवते.

'द लास्ट ऑफ अस' २०१३च्या जूनमध्ये आला आणि त्याची 'लेफ्ट बिहाइंड' ही पुरवणी १४ फेब्रुवारी २०१४ला. (त्यातले झोंबी म्हणजे बुरशीनं ग्रासलेली माणसं, 'झोंबी' हा शब्दसुद्धा तिथं कुणी वापरत नाही, हे मला ठाऊक आहे. भाच्यानं तीनदा दुरुस्त केलं आहे. पळत येतो, चावतो, चावला की आपण संपतो. माझ्या घरात त्याला झोंबीच म्हणतात.) मूळ गेममध्ये नायक जोएल जबर जखमी होऊन घोड्यावरून कोसळतो, पडदा काळा होतो, आणि उघडतो तेव्हा थेट हिवाळा असतो. मधल्या काळात चौदा वर्षांच्या एलीनं त्याला जगवलं कसं, हे कुणी सांगत नाही. आमच्या भाषेत, गाळलेली जागा. पुरवणी तीच जागा भरते. एली औषधाची पेटी शोधायला एका बर्फात गोठलेल्या मॉलमध्ये शिरते, आणि त्याच वेळी कथा मागं जाते, दुसऱ्या एका मॉलमध्ये, जिथं ती आणि तिची मैत्रीण रायली एक अख्खी रात्र उंडारल्या होत्या.

रायलीचं पुढं काय झालं हे मूळ गेममध्ये शेवटाकडे एली सांगून टाकते. म्हणजे पुरवणी उघडतानाच आपल्याला शेवट माहीत असतो, आणि तरी ती खेळवते. त्या उजाड मॉलमध्ये एक व्हिडिओ गेमचं यंत्र असतं, मारामारीच्या गेमचं, बंद पडलेलं. रायली एलीला त्याच्यासमोर उभं करते, डोळे मिटायला सांगते आणि बोलत राहते : समोर हा आला, आता वाक, आता मार. पडद्यावर मारामारी दिसत नाही. दिसतो तो एलीचा चेहरा, डोळे मिटलेले, आणि तिच्या तोंडावर त्या न दिसणाऱ्या गेमचा उजेड नाचतो. आपण मात्र खरोखर बटणं दाबत असतो, आणि चुकलो तर हरतो. मी त्या रात्री दोनदा हरले. बंद यंत्रावर, दुसऱ्या कुणाच्या तरी कल्पनेतल्या गेममध्ये हरले आणि पुन्हा खेळायला मागितलं.

सगळी पुरवणी दोन-अडीच तासांची. नवा झोंबी एकही नाही. हाणामारीत नवं म्हणाल तर एवढंच, की बाटली किंवा वीट फेकून झोंबींना माणसांवर सोडता येतं आणि आपण कोपऱ्यात बसून निकालाची वाट बघायची. तरी मला कुणी विचारलं की कथेची पुरवणी घ्यावी का, तर मला आधी ते बंद यंत्र आठवतं. याला कारण आहे. मूळ गेममध्ये एली ही जोएलनं सांभाळायची पोरगी होती. पुरवणी खेळून मूळ गेम पुन्हा लावला तेव्हा ती मला वेगळी दिसली. तिच्या बडबडीत कुणाची बडबड आहे ते ऐकू यायला लागलं. मागच्या पानांचे गुण वाढवणाऱ्या पुरवण्या सोळा वर्षांत मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाहिल्या.

आता तुमच्यापैकी जे हिशेबाला बसतात ते म्हणतील, बाई, दोन तासांच्या कथेला लोक पैसे देत नाहीत, तक्रार करतात. करतात, खरं आहे. माझा भाचाही मित्रांशी बोलताना तासाला किती रुपये पडले असा भागाकार मांडतो. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, तर परताव्याचा नियमच असा आहे की डीएलसी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि तेव्हापासून मूळ गेम २ तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळू शकतात. म्हणजे चपळ माणूस दोन तासांची कथा जवळजवळ संपवून परत करायला मोकळा. मला तुमची अडचण कळते. पण म्हणून तुम्ही मध्ये तीन जनरेटर, चार चाव्या आणि 'त्या खोलीतले सगळे झोंबी मारा म्हणजे दार उघडेल' असं भरायला लागता, तेव्हा मला दोन ओळी सोडून लिहिणारं पोरगंच दिसतं.

लांबी वाईट असं मात्र नाही. 'डाईंग लाइट'ची 'द फॉलोइंग' ही पुरवणी २०१६च्या फेब्रुवारीत आली, मूळ गेमनंतर वर्षभरानं, आणि ती लांबलचक होती. मूळ गेम सगळा छपरांवरचा. हारान शहर, गच्च्या, पाइप, या छपरावरून त्या छपरावर उडी. पुरवणीत पोलंडच्या त्या लोकांनी छपरंच काढून घेतली. शेतं, मोकळी माळरानं, मध्येच एखादं फार्महाउस. पळायला, चढायला काही नाही. त्याच्या बदल्यात हातात दिली एक खडखडणारी बग्गी. ती बग्गी हे खरं तर त्या पुरवणीतलं मुख्य पात्र आहे. तिचं पेट्रोल संपतं, तेही बरोबर अंधार पडताना. बेवारस गाड्यांच्या टाक्यांतून पेट्रोल काढायचं. तिचे भाग झिजतात, पाना घेऊन दुरुस्त करायचे, आणि त्या वेळी मागून काय येतंय ते बघायचं. रात्री इंजिनाच्या आवाजानं ते मोठे, चपळ झोंबी मागं लागतात, म्हणजे ज्या गाडीनं पळायचं तीच त्यांना बोलावते. काटोल रोडला रात्री एकटं असताना गाडी बंद पडलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कथा? मुखवटे घातलेला एक पंथ, त्यांची 'आई', आणि ही माणसं चावली गेली तरी झोंबी होत नाहीत अशी कुजबुज. तुम्हाला आत घेण्याआधी तुम्ही गावातल्या लोकांचा विश्वास मिळवायचा, म्हणजे कुणाची बॅटरी आणून द्या, कुणाचा भाऊ शोधा. भाचा याला 'फुकटची हमाली' म्हणतो. मला ती आवडली. परक्या गावात माणूस असाच ओळखीचा होतो, एकदम कुणी चावी हातात देत नाही. शेवट सांगत नाही. दोन आहेत, दोन्ही कडू. एवढंच सांगते की तिथं नायक काईल क्रेनचं जे झालं तो धागा नऊ वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबरमध्ये, 'द बीस्ट'मध्ये पुन्हा उचलला गेला. गंमत म्हणजे 'द बीस्ट' मुळात 'डाईंग लाइट २'ची दुसरी पुरवणीच व्हायची होती. लिहिता लिहिता इतकी भरली की वेगळी उत्तरपत्रिका झाली. आणि ज्यांनी 'डाईंग लाइट २'ची सगळ्यात महाग आवृत्ती आधीच घेतली होती त्यांना ती वेगळे पैसे न घेता दिली. हे वागणं मला पटलं. त्याच 'डाईंग लाइट २'ची पहिली पुरवणी 'ब्लडी टाईज', २०२२च्या नोव्हेंबरची, तिच्यात आखाडा होता, प्रेक्षक होते, आरडाओरडा होता. खेळले. यापलीकडे काही आठवत नाही, म्हणून यापलीकडे लिहीत नाही.

हाताला नवं काही द्या, हा माझा दुसरा हट्ट. 'रेसिडेंट ईव्हिल ७'ची 'एंड ऑफ झोई' घ्या. मूळ गेममध्ये आपण भेदरलेला नवरा असतो, गोळ्या मोजत, दारामागं लपत. पुरवणीत एकदम दलदलीत राहणारा एक म्हातारा, जो बेकर. बंदुकीची त्याला फारशी पर्वा नाही. तो त्या काळ्या, चिकट राक्षसांना मुठींनी बदडतो. प्रकृती सुधारायला किडे आणि चिंगाट्यांसारखे प्राणी कच्चे खातो. सावजीतल्या रश्श्याला तिखट म्हणणाऱ्यांनी हे बघावं. हसू येतं, आणि त्या हसण्याखाली गोष्ट साधी आहे : म्हाताऱ्याला त्याची पुतणी सापडली आहे आणि ती मरू नये. मूळ गेममध्ये झोईला मागं सोडून आलो होतो, ते टोचणं वर्षभर कुठंतरी होतं. ते त्यांनी मिटवलं, आणि मिटवायला भित्र्या माणसाऐवजी एक मुठी वळणारा काका पाठवला. त्याच गेमची दुसरी पुरवणी 'नॉट अ हीरो' सगळ्यांना फुकट होती. ती २०१७च्या वसंतात येणार होती. दर्जा मनासारखा नाही म्हणून थांबवली आणि डिसेंबरात दिली. उशीर झाला म्हणून तेव्हा लोक चिडले होते, मीही. आता वाटतं, अर्धी पत्रिका हिसकावून घेण्यापेक्षा पोराला वेळ वाढवून द्यावा.

इथपर्यंत गोड बोलले. आता तो न बांधलेला दोरा.

'डेड रायझिंग ४' २०१६च्या डिसेंबरमध्ये आला. (ज्यांनी खेळला नाही आणि खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) सगळा गेम नायक फ्रँक वेस्टबरोबर हिंडल्यावर शेवटी हेलिकॉप्टरला लोंबकळलेला फ्रँक खालच्या झोंबींच्या गर्दीत पडतो. नावं वर सरकायला लागतात. पुढं? पुढचं 'फ्रँक रायझिंग'मध्ये, जी काही महिन्यांनी, एप्रिल २०१७ला, वेगळ्या पैशांत आली. तिच्यात फ्रँक स्वतः झोंबी होतो आणि नव्वद मिनिटांच्या घड्याळाशी शर्यत लावतो. कल्पना म्हणून मला ही बेहद्द आवडते! जन्मभर ज्यांना मारलं त्यांच्यातलाच एक व्हायचं, माणसांपासून लपायचं. शिवाय या मालिकेची ओळख असलेलं घड्याळ मूळ कथेतून काढलं होतं, ते इथं परत आलं. म्हणजे चांगली कल्पना पुरवणीत, मालिकेचा जीव असलेलं घड्याळ पुरवणीत, नायकाचं काय झालं तेही पुरवणीत. मग मूळ पत्रिकेत मी नेमकं काय तपासायचं?

'शेवट खुला ठेवला' आणि 'शेवट कापून ठेवला' यांतला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो. खुला शेवट आपल्याबरोबर घरी येतो. कापलेला शेवट दुकानातच राहतो आणि त्यावर किमतीची चिठ्ठी लागते.

याच कारणानं 'रेसिडेंट ईव्हिल ४'च्या नव्या रूपाबद्दल माझ्या घरात भांडण आहे. मूळ गेम २००५चा. त्याच वर्षी प्लेस्टेशन २वर तो आला तेव्हा एडा वाँग या हेर बाईची बाजू सांगणारा 'सेपरेट वेज' हा भाग सोबतच मिळाला होता. २०२३च्या मार्चमध्ये नवा आला तेव्हा तो त्यात नव्हता, सप्टेंबरमध्ये ९.९९ डॉलरला वेगळा आला. जुन्या गेममधली ती लेझरच्या तारांची गल्लीही नव्या मूळ गेममधून गायब होती, ती इथं सापडली. भाचा म्हणतो, आपलंच आपल्याला विकलं. मला वाटतं, नाही विकलं. नायक लिऑनची गोष्ट एडाविना पुरी होते, कुठं भोक पडत नाही. आणि हा भाग जुन्याची नक्कल नाही, जवळपास नव्यानं लिहिलेला आहे. एडाच्या हातात दोरीचा आकडा आहे. लिऑन जिथं वळसा घालून धावतो तिथं ती उडत जाते आणि त्याच आकड्यानं शत्रूला गाठून लाथ घालते. त्याच गावाची, त्याच किल्ल्याची उंची बदलते. भांडण मिटलेलं नाही, पण खेळताना कंट्रोलर माझ्या हाती देत नाही पोरगं, याची नोंद घ्यावी.

आता 'डेड आयलंड २'. भाच्याचा प्रश्न खरं तर याच्याबद्दलच होता. या गेमची घोषणा २०१४ची. एका स्टुडिओकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं फिरत फिरत एप्रिल २०२३मध्ये तो बाहेर पडला. माझी पहिली बॅच बारावी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी हा येतोच आहे. आला तेव्हा मात्र हाताला मस्त लागला. लॉस एंजेलिसची उन्हानं न्हालेली श्रीमंत घरं आणि त्यांत एकेका फटक्यानं हाडा-मांसाचे थर अलग होणारे झोंबी. जेवून उठल्यावर खेळू नये. कथा म्हणाल तर चटपटीत, पातळ, आणि शेवटी बरीचशी टोकं लोंबत.

त्याच्या दोन पुरवण्या. पहिली 'हाउस', २०२३च्या नोव्हेंबरमधली : मालिबूतल्या अतिश्रीमंतांचा एक पंथ, मृत्यूच्या पुढचं काहीतरी विकत घेऊ बघणारा. दुसरी 'सोला', २०२४च्या एप्रिलमधली : एका दरीत भरलेला संगीत महोत्सव, जिथं मंच उभा आहे, तंबू आहेत, आणि प्रेक्षक सगळे मेलेले. पहिलीत क्रॉसबो मिळतो. दुसरीत गोल करवती बसवलेली बॅट आणि करवतीची पाती भिरकावणारं यंत्र. प्रत्येकी दोन-तीन तासांचा मामला.

माझं मत विचाराल तर 'हाउस'च्या पहिल्या अर्ध्या तासात मी खूश होते. त्या बंगल्याचे रंग विचित्र, खोल्यांचा हिशेब लागत नाही, भास आणि खरं एकमेकांत मिसळलेलं. वाटलं, आता हा पंथ कुणाची तरी गोष्ट सांगणार. सांगितली नाही. पैसेवाले वेडे असतात, एवढंच सांगितलं, आणि ते मला धरमपेठेत सकाळी फिरायला गेलं तरी कळतं. 'सोला'मध्ये ती करवतीची बॅट इतकी छान आहे की ती मिळाल्यावर कथा कुठं गेली ते विचारायची इच्छा झाली नाही. ही स्तुती की तक्रार ते तुम्ही ठरवा. मुख्य गेमची लोंबती टोकं दोघींनीही मला समाधान वाटेल इतकी उचलली नाहीत. पूर्ण किमतीत मी कुणाला घ्या म्हणणार नाही. सेलमध्ये, मूळ गेम अजून चालू असताना, घ्या.

'मूळ गेम अजून चालू असताना' हे मी मुद्दाम लिहिलं. तुम्ही लोक पुरवणी सहा महिन्यांनी, वर्षानं काढता. तोवर आमची बोटं सगळं विसरतात. मागं एकदा (गेमचं नाव घेत नाही) मेच्या रात्री मी एक कथेची पुरवणी उतरवायला लावली. बाहेर रात्री अकराला भट्टी, कूलरमध्ये दोनदा पाणी घातलं, आणि डाउनलोड नव्वद टक्क्यांवर असताना लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे एकदाचं उतरलं. सुरू केलं तर नकाशावर नवी खूण कुठंच नाही. तासभर शोधल्यावर उमगलं की माझी फाइल गेम संपल्यानंतरची होती आणि पुरवणी मधल्या एका टप्प्यावरूनच उघडत होती. जुनी फाइल सापडली, उघडली, तर पहिल्याच खोलीत सात झोंबी आणि माझा अंगठा ढाल कुठल्या बटणावर होती तेच विसरलेला. आठ वेळा मेले. नवव्या वेळी कन्सोल बंद करून पेपर तपासायला बसले, आणि त्या दिवशीच्या पोरांना थोडे कमीच मार्क पडले असतील, देव त्यांचं भलं करो.

कथा लिहिणाऱ्यांनी यात काय करायचं, असं म्हणू नका. पहिली पाच मिनिटं तुमच्या हातात आहेत. एक शांत खोली, एकच सुस्त झोंबी, आणि कुणीतरी बोलतंय. तेवढ्यात बोटं परत येतात. मुख्य मेन्यूतून थेट पुरवणी उघडू द्या. आणि कृपा करून अक्षर मोठं काढा! भिंतीवरची चिठ्ठी, मेलेल्या माणसाची डायरी, सगळी गोष्ट तुम्ही त्यांतच लपवता आणि ती मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापता. मी सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ जाऊन वाचते, तोवर मागून कुणीतरी चावतं. मराठी अक्षरं मागत नाही, तेवढी भोळी नाही. दिसतील अशी तरी द्या.

माझा भाऊ, म्हणजे भाच्याचा मामा, या सगळ्यावर हसतो. त्याचं म्हणणं, झोंबीच्या गेममध्ये कथा शोधणं म्हणजे भेळेत पोषण शोधणं. चार मित्र, चार बंदुका, शनिवारची रात्र, संपलं. 'लेफ्ट फोर डेड' त्यानं असाच खेळला. पण त्याच भावाला विचारा 'द सॅक्रिफाइस' आठवतो का. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये आलेली ती छोटीशी मोहीम. शेवटी पूल वर उचलायचा, मध्येच जनरेटर बंद पडतो, आणि चौघांपैकी एकानं खाली उडी मारून तो पुन्हा चालू करायचा. उतरलेला परत येत नाही. गेमच्या कथेत तो म्हातारा बिल असतो, पण खेळताना कोण उतरणार हे चौघांनी त्या क्षणी ठरवायचं. भाऊ म्हणतो तीन रात्री लागोपाठ कुणीच उतरलं नाही, सगळे मेले. चौथ्या रात्री त्याचा एक अगदी घुमा मित्र काही न बोलता उतरला. पंधरा वर्षं झाली, तो मित्र आता पुण्यात असतो, आणि अजून घरी आला की कुणीतरी म्हणतंच, "हा तोच, जनरेटरवाला." यालाच मी कथा म्हणते, भाऊ काहीही म्हणो.

आम्हा नागपूरकरांना भुतांचं नवल नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते; "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गर्दी लोटते आणि शेवटी त्यांना जाळतात. १८८०च्या दशकापासून या दोघी त्याच. त्यांच्याबरोबर निघणारे बडगे मात्र दर वर्षी नवे : कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी नुसताच खड्ड्यांचा. बांबू तोच, कागद तोच. बडग्याला काही म्हणायचं असेल तर लोक थांबून बघतात, नाहीतर आइस्क्रीमच्या गाडीकडे वळतात. 'रेड डेड रिडेम्प्शन'वाल्यांनी 'अनडेड नाइटमेअर'मध्ये हेच केलं, २०१०च्याच ऑक्टोबरमध्ये. तोच नकाशा, तीच गावं, तोच नायक. फक्त बायको आणि पोरगा झोंबी झालेत, तो त्यांना दोरानं बांधून घरात ठेवतो आणि औषध शोधायला निघतो. पैशाला किंमत उरलेली नाही, गोळी हीच कमाई. मूळ गेम रडवणारा होता, हा खिदळवणारा, आणि त्यानं रडवणाऱ्याला कुठं धक्का लावला नाही. झोंबीचा गेम नसलेल्या गेमनं झोंबीची इतकी चांगली पुरवणी लावावी, याची तुम्हाला थोडी लाज वाटायला हरकत नाही.

पैशांचं एकच सांगायचं राहिलं. सीझन पास, म्हणजे पुढं येणाऱ्या पुरवण्यांचं एकगठ्ठा आगाऊ तिकीट. पुरवणी लिहायच्या आधीच तिचे पैसे मागता, हे माझ्या धंद्यात कुणी केलं तर त्याला निलंबित करतील. २०२४च्या अखेरीला स्टीमनं नियम घातला की असा पास विकायचा असेल तर त्यात काय येणार आणि साधारण कधी येणार ते आधी लिहा, आणि एखादा भाग रद्द केला तर त्याची भरपाई द्या. हे कुणीतरी नियम करून सांगावं लागलं. कन्सोलवाल्यांकडूनही मला एवढंच हवं आहे. पास घ्यायचा तर पानावर लिहिलेलं असू द्या : ही कथा कुणाची, मूळ कथेच्या आधी की नंतर, साधारण किती तासांची, कुठून सुरू होते. 'थरारक नवा अध्याय' असं लिहू नका. तो शब्दप्रयोग मी निबंधातही कापते.

तर भाच्यासाठी माझं उत्तर तयार आहे. सेल उद्या रात्री संपतो. 'डेड आयलंड २'चा बंडल घे, मूळ गेम अर्ध्यावर आहे तोवर 'हाउस' खेळ, आणि करवतीची बॅट मिळाली की मला हाक मार. 'लेफ्ट बिहाइंड' त्यानं अजून खेळलेलं नाही, मी मागच्या वर्षापासून मागं लागले आहे. तो म्हणतो, त्यात मारामारी कमी आहे ना.

इथं थांबते. टेबलावर अकरा उत्तरपत्रिका उरल्या आहेत. सगळ्यात खालची चांगली जाडजूड आहे, तीन पुरवण्या, दोरा घट्ट बांधलेला. अजून उघडली नाही.

कळावे,

आपली,
एक पेपर तपासणारी बाई
नागपूर